आमच्या घाटीला कोणती गाडी चढते?

राजापूर तालुक्यातलं आमचं घर रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे. डांबर वर सड्यावर संपतं आणि तिथून अंगणापर्यंत दीडेकशे पावलांची घाटी उतरते. लाल माती, तिच्यातून डोकं काढणारा जांभा, मधोमध पावसाच्या पाण्याने कापलेला चर, आणि जुलै लागला की सगळ्यावर शेवाळ. उतरायला कुठलीही गाडी उतरते, पंचाईत चढताना होते. गणपतीला आलेले चाकरमानी म्हणूनच गाड्या वर सड्यावर लावतात आणि सामान डोक्यावरून खाली आणतात. गौरी-गणपती करून निघताना त्यांच्यातलं कोणीतरी मला विचारतंच, "पुढच्या वर्षी फोर बाय फोर घेऊ का?"

फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली गाडी. मी म्हणतो, आधी आत्ताची गाडी नेमकी कशामुळे अडते ते बघ. कधी पोट घासतं, कधी चाक नुसतं गरगरतं आणि जमिनीला पकडत नाही, तर कधी इंजिनाचीच ताकद कमी पडते. तिन्ही दुखणी वेगळी आहेत. आपल्याकडे मात्र तिन्हींवर एकच औषध सांगितलं जातं: मोठी, उंच, जड एसयूव्ही. मला ते पटत नाही. कोकणातल्या रोजच्या वापराला खरी जुळणारी गाडी म्हणजे थोडी उंच केलेली आणि चारही चाकांना ओढ असलेली इस्टेट. हा प्रकार आपल्या शोरूममध्ये दिसत नाही, पण तो समजून घेतला की जे दिसतं त्यातून काय निवडायचं ते कळतं.

इस्टेट म्हणजे सेडानच, फक्त मागची डिकी वेगळी न ठेवता छप्पर थेट शेवटपर्यंत नेलेलं आणि मागे मोठं दार. टाटा इस्टेट ज्यांनी पाहिली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. ती १९९२ साली आली होती, आणि २००४ मध्ये टाटांनीच इंडिगो मरिना आणली. तशीच गाडी जमिनीपासून पाच-सहा सेंटिमीटर वर उचलायची आणि मागच्या चाकांनाही इंजिनाची ताकद पोचवायची, एवढाच या प्रकारातला फरक.

आता घाटीकडे येऊ. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढच्या चाकांना फिरवतं. सपाट रस्त्यावर हे उत्तम, कारण इंजिनाचं वजनही पुढेच असतं आणि ते चाकांना जमिनीवर दाबून धरतं. चढावर चित्र उलटतं. गाडीचं नाक वर गेलं की वजन मागच्या चाकांकडे सरकतं. त्यात मागे तीन माणसं आणि डिकीत नारळाची पोती. ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात आणि शेवाळावर फिरत राहतात. याच कारणाने आमच्याकडचे जाणते लोक अडलेल्या गाडीवाल्याला सांगतात, "उलटी घाल." रिव्हर्समध्ये चढवली की ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात, गाडीचा भार त्यांच्यावर बसतो आणि अडलेली गाडी पुष्कळदा निमूट वर जाते. पिकअपवाले आंब्याच्या पेट्या भरून हीच घाटी चढतात, कारण त्यांची ओढ मागच्या चाकांना असते आणि भारही तिथेच असतो. तोच पिकअप रिकामा असला की घसरतो, म्हणून पावसाळ्यात हौद्यात चार चिरे टाकून ठेवायची पद्धत आहे. यात सगळं तत्त्व आलं: चाकाची पकड ही त्याच्यावरच्या भारावर आणि खालच्या जमिनीवर ठरते, इंजिनाच्या जोरावर नाही.

चारही चाकांना ओढ दिली की भार पुढे असो वा मागे, कुठलं ना कुठलं चाक कामाला येतं. पण इथे एक अडचण आहे, आणि ती समजली की पुढचं सगळं सोपं होतं.

वळणावर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं. म्हणून दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल असतो, दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा. साधा डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो. ऐकायला हे न्यायाचं वाटतं, पण एक चाक शेवाळावर असेल तर ते फारच थोडा जोर पेलतं, आणि मग कोरड्या जागेवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. एक चाक चरावर अधांतरी लटकतंय, गरगर फिरतंय आणि बाकीची गाडी ढिम्म उभी आहे, हे दृश्य त्याचंच. पुढची आणि मागची बाजू जोडतानाही हाच प्रश्न येतो, कारण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. त्यावर गाड्या बनवणाऱ्यांनी तीन उत्तरं काढली.

पहिलं उत्तर जुनं, जिप्सीवालं. एक दांडा ओढला की पुढचा-मागचा भाग घट्ट जोडला जातो. मधे सैल असं काही नाही. चिखलात याच्यासारखं भरवशाचं दुसरं नाही, पण कोरड्या डांबरावर हे चालवायचं नसतं, कारण वळताना चाकांना फरक हवा असतो आणि तो मिळत नाही. सगळा ताण गिअर आणि ॲक्सलवर येतो, स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात. थारची फोर बाय फोर आणि जिम्नी याच जातीच्या. यांच्यात आणखी एक लो गिअरचा संच असतो. जिम्नीत तो लावला की चाकांवरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो आणि गाडी मुंगीच्या पावलांनी चढते. तिसरं दुखणं, म्हणजे ताकद कमी पडणं, यावर खरा इलाज तोच.

दुसरं उत्तर आजच्या बहुतेक ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे गरजेप्रमाणे आपोआप चारही चाकांना ओढ देणाऱ्या, गाड्यांत असतं. एरवी गाडी पुढच्या चाकांवर चालते. मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी क्लचप्लेटांची एक जुडी बसवलेली असते. पुढची चाकं घसरू लागली, किंवा घसरणार असं कॉम्प्युटरला वाटलं, की त्या प्लेटा एकमेकींवर दाबल्या जातात आणि मागच्या चाकांकडे ताकद जाते. चालकाला काही करावं लागत नाही. लॉकचं बटण असेल तर ही जुडी मुद्दाम दाबून ठेवता येते. वेग ठरावीक आकड्यापुढे गेला की ती आपोआप सुटते. एखादं चाक अधांतरी फिरू लागलं तर बऱ्याच गाड्या तेवढ्याच चाकाला ब्रेक लावतात, म्हणजे जोर दुसऱ्या बाजूला जातो. उणीव एकच. फार वेळ चिखलात किंवा वाळूत चाकं फिरवत राहिलं तर प्लेटा तापतात आणि प्रणाली स्वतःला वाचवायला मागची ओढ सोडून देते. पाच मिनिटं थांबून थंड होऊ द्यावं, ॲक्सिलरेटर दाबत राहू नये.

तिसरं उत्तर म्हणजे मधेच आणखी एक डिफरन्शियल टाकून कायम चारही चाकांना ओढ द्यायची. सुबारू या जपानी कंपनीच्या मॅन्युअल गिअरच्या गाड्यांत अशी रचना असे. भारतात बजेटमधल्या गाड्यांत ती मिळत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

आमच्या घाटीसाठी, आणि माझ्या मते कोकणातल्या शंभरातल्या नव्वद घरांसाठी, दुसरं उत्तर पुरतं. महिन्यातून चार वेळा दीडशे पावलं चढायला लो गिअर लागत नाही. मागच्या चाकांनी फक्त हात लावायला हवा असतो.

मात्र एक गोष्ट मी जोर देऊन सांगेन, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीला ओढायला मदत करतं, थांबवायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. आंबोलीत वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्या ओल्या वळणावर महागडी फोर बाय फोर आणि साधी हॅचबॅक दोघींना थांबवायला जमिनीवर टेकलेले तेच चार तळहाताएवढे रबराचे तुकडे असतात. जड गाडीला थांबायला उलट जास्त काम करावं लागतं. वर चढताना गाडी छान पकडते म्हणून उतरताना बिनधास्त होणारे लोक मी करूळ घाटात पाहिले आहेत, आणि ते बघून पोटात गोळा येतो. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरावं आणि टायर चांगले ठेवावेत. कायद्याने टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजलेली चालते, पण आपल्या पावसात ती ३ मिलिमीटरवर आली की मी बदलतो. ऑल-व्हील-ड्राइव्ह असलेल्या गाडीवर झिजलेले टायर घालण्यापेक्षा साध्या गाडीवर नवे टायर घालणं केव्हाही बरं.

आता उंचीचं बघू. ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतच्या उंचीचा, जो आकडा जाहिरातीत असतो तो सहसा रिकाम्या गाडीचा. पाच माणसं आणि सामान बसलं की मागची बाजू दोन-तीन बोटं सहज खाली येते. शिवाय फक्त आकडा पुरत नाही. कोकणात याची खरी परीक्षा फेरीबोटीच्या धक्क्यावर होते. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेश्वी–बागमांडला, कुठलीही घ्या. भरतीला बोट वर असते आणि गाडी सरळ आत जाते. ओहोटीला बोट खाली गेलेली, धक्क्याचा उतार लांबलेला, बोटीचं फळकूट वेगळ्या कोनात टेकलेलं. दोन उतार जिथे खोलगट मिळतात तिथे पुढचा बंपर घासतो. जिथे ते उंचवट्यासारखे मिळतात तिथे पोट घासतं. चाकांमधलं अंतर जितकं जास्त तितकं पोट आधी टेकतं, आणि चाकांच्या पुढे आलेलं नाक जितकं लांब तितका बंपर आधी. म्हणून २१० मिलिमीटर उंचीची लांब गाडी आणि तेवढ्याच उंचीची आखूड गाडी सारख्या नसतात. लांबलचक इस्टेटची ही बाजू कमकुवत, हे मान्य करायला हवं.

आमच्या एका जुन्या गाडीचा चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, साकवाजवळच्या दगडावर फुटला होता. इंजिनातलं सगळं ऑइल पऱ्ह्यात वाहून गेलं, आणि गाडी बाहेर काढायला दीड दिवस लागला. त्या दिवशी चारही चाकांना ओढ असती तरी काही फरक पडला नसता. हवी होती ती चार बोटं उंची आणि चेंबरखाली एक लोखंडी पत्रा.

मग सरळ उंच एसयूव्ही का नको? ज्यांच्या घरात लहान मुलं आणि म्हातारी माणसं आहेत त्यांनी आंबा घाटातली वळणं आठवावीत. गाडी जितकी उंच, तितकं तिचं वजन वर, आणि प्रत्येक वळणावर ती तितकी कलंडते. साखरप्याला पोचेपर्यंत कुणाला तरी गाडी लागलेली असतेच. इस्टेटचं पोट उंच असलं तरी छप्पर आणि सीट खालीच राहतात, त्यामुळे डोलणं कमी. आजीला चढताना पाय डोंगरावर टाकल्यासारखा टाकावा लागत नाही. आणि मागचा तळ कमरेच्या खाली असतो. पंचवीस किलोची आंब्याची पेटी गुडघ्याच्या वर उचलून सरकवणं आणि छातीपर्यंत उचलणं, यातला फरक मे महिन्यात दिवसाला चाळीस पेट्या भरणाऱ्यालाच कळतो. मखराचं सामान, फणस, पानवेलीचे वासे, सीट पाडली की सगळं आडवं जातं.

हा प्रकार जन्मला तोही अशाच गरजेतून. जपानच्या ईशान्येला, तोहोकू भागात, वीज कंपनीच्या माणसांना हिवाळ्यात बर्फातून तारांच्या दुरुस्तीला जावं लागे. जीप जायची, पण तिच्यात थंडीने माणसं गारठायची. त्यांना मोटारीसारखी उबदार आणि जीपसारखी जाणारी गाडी हवी होती. सुबारूने आपल्या छोट्या इस्टेटला मागची ओढ जोडून दिली आणि १९७२ साली लिओने ही चारही चाकांना ओढ असलेली इस्टेट बाजारात आणली. पावसात खांबावर चढणारे आपले लाइनमन आठवले की मला ही गोष्ट फार जवळची वाटते. पुढे अमेरिकेत एएमसी कंपनीची ईगल आली, १९९४ मध्ये सुबारूची आउटबॅक आली, आणि उंच इस्टेट हे नाव पक्कं झालं. आउटबॅकची उंची पुढे २२० मिलिमीटरपर्यंत गेली, म्हणजे कित्येक एसयूव्हींपेक्षा जास्त. युरोपात स्कोडाची ऑक्टाव्हिया स्काउट, फोक्सवॅगनची गोल्फ ऑलट्रॅक याच घरातल्या, आणि जुन्या बाजारात सामान्य माणसाला परवडणाऱ्या.

आपल्याकडे त्या का नाहीत, याचं एक कारण आवडीत आहे आणि दुसरं करात. इस्टेट म्हटलं की आपल्या लोकांना रुग्णवाहिका किंवा टॅक्सी आठवते, त्यामुळे आलेल्या गाड्याही खपल्या नाहीत. कराचं असं की सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपर्यंत लांब आणि पेट्रोलला १,२०० किंवा डिझेलला १,५०० सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर जीएसटी १८ टक्के, त्यावर गेलात की थेट ४०. सामान ठेवायला जागा असलेली इस्टेट ४ मीटरमध्ये बसत नाही. मग तेवढाच कर भरून कंपन्या जास्त खपणारी एसयूव्हीच बनवतात. व्हॉल्वोने २०१७ मध्ये व्ही९० क्रॉस कंट्री आणली होती, खरीखुरी उंच इस्टेट, पण किंमत ६० लाखांच्या घरात. ती आपल्या बोलण्यात बसत नाही.

तर मग जवळचं काय? नवीन घ्यायची असेल तर मारुतीची ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप आणि तिचीच जुळी बहीण टोयोटा हायरायडर ऑल-व्हील-ड्राइव्ह. क्लचप्लेटांची जुडीवाली पद्धत, २१० मिलिमीटर उंची, लॉकची सोय. सुरुवातीला ही ओढ फक्त मॅन्युअल गिअरबरोबर मिळायची, २०२५ मध्ये ती ऑटोमॅटिकबरोबर आली. पेट्रोलबरोबर बॅटरीवरही चालणाऱ्या, जास्त ॲव्हरेज देणाऱ्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये मात्र ती नाही, बुकिंग करताना इथे गफलत होते. पेट्रोल इंजिन फार जोरकस नाही. भरलेल्या गाडीने कुंभार्ली घाट चढताना गिअर बदलत राहावं लागतं. तरी कमी पैशांत इस्टेटचं काम करणारी गाडी म्हणून माझी पहिली पसंती हीच.

जिम्नी मला मनापासून आवडते. वाडीतल्या अरुंद वाटेवर आणि घाटीवर तिच्यापुढे काही टिकत नाही. पण सगळ्या सीट वर असताना डिकी २०८ लिटरची, आणि चौघं जण मुंबईहून गणपतीला निघाले तर बॅगा ठेवायच्या कुठे? गावातच राहणाऱ्या दोघांसाठी ती उत्तम.

जुन्या बाजारात रेनॉ डस्टर ऑल-व्हील-ड्राइव्ह शोधावी. २०१४ मध्ये आली, दीड लिटरचं डिझेल, सहा गिअर, आणि पहिला गिअर मुद्दाम आखूड ठेवलेला, त्यामुळे लो गिअर नसूनही घाटी चढताना क्लच जळत नाही. ओढ असलेल्या डस्टरला मागे स्वतंत्र सस्पेन्शन होतं, खड्ड्यांत ती साध्या डस्टरपेक्षा मऊ चालायची. भारतात त्या पिढीचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, तेव्हा सुट्या भागांची चौकशी आधी करावी. स्कोडा यती ४x४ सुंदर गाडी, पण तालुक्याच्या गॅरेजात तिचं काम करणारा हात मिळतो का ते बघूनच पैसे द्यावेत.

गॅरेजात स्प्रिंगखाली स्पेसर, म्हणजे जाड चकत्या, घालून साधी गाडी उंच करून देणारेही भेटतात. तो मार्ग नको. कंपनी उंची वाढवते तेव्हा ॲक्सलचे कोन, शॉकॲब्सॉर्बर, ब्रेक सगळं त्याप्रमाणे बदलते. स्पेसरने फक्त उंची वाढते आणि ॲक्सलचे जॉइंट लवकर जातात. असा बदल मोटार वाहन कायद्यातही बसत नाही आणि विम्याचा दावा अडकतो.

किनाऱ्यावर गाडी घालायचा मोह होतो, विशेषतः ऑल-व्हील-ड्राइव्ह घेतल्यावर. कृपा करून घालू नका. वेळास, आंजर्ले आणि कितीतरी पुळणींवर हिवाळ्यापासून कासवं अंडी घालतात. वाळूखालची घरटी वरून दिसत नाहीत. शिवाय भरतीच्या ओल्या वाळूत रुतलेल्या गाडीला समुद्र थांबायला वेळ देत नाही.

पाण्याचंही तसंच. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीने चिपळूणमध्ये काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. ओढ्यावरच्या फरशीवरून फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलू शकतं, आणि चार चाकांची ओढ तरंगत्या गाडीला उपयोगाची नाही. इंजिनात पाणी शिरून गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. पाणी दाबलं जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी शेवटचं. किनाऱ्याजवळ फिरलेली गाडी रॅम्पवर चढवून खालून बघा. खाऱ्या हवेने मागच्या डिफरन्शियलची नटबोल्टं आणि वायरचे कनेक्टर आधी खाल्लेले असतात. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. नाहीतर क्लचप्लेटांना कायम वाटतं की चाक घसरतंय, आणि त्या विनाकारण झिजतात. मागच्या डिफरन्शियलचं ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारा, बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही, मग तो खर्च किमतीतून वजा करा. चालवून बघताना कोरड्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. गाडी अडखळत असेल, मागून कटकट आवाज येत असेल, तर सोडून द्या.

आणि गाडी घेतलीत तर काचेवर आतून एक चिठ्ठी चिकटवा: "ही गाडी पुढची किंवा मागची चाकं उचलून ओढू नये, चारही चाकं ट्रकवर घ्यावीत." महामार्गावर रात्री बंद पडल्यावर क्रेनवाला सवयीने पुढची चाकं उचलतो, मागची जमिनीवर फिरत राहतात, आणि सावंतवाडीपासून कणकवलीपर्यंत पोचेतो ती प्लेटांची जुडी जळून जाते.